माणिकबागेचे दार उघडा

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
केंद्रीय अप्रत्यक्ष कर आणि सीमाशुल्क मंडळ,
नवी दिल्ली

प्रत माहितीसाठी : संस्कृती विभाग, मध्य प्रदेश शासन, इंदूर महानगरपालिका

विषय : इंदूरच्या माणिकबाग महालाचे जतन आणि लोकांसाठी प्रवेश

सप्रेम नमस्कार.

आपल्या इंदूर कार्यालयाचा पत्ता ‘माणिकबाग पॅलेस’ असा आहे. या पत्त्यावर रोज करदात्यांचे अर्ज जातात, नोटिसा निघतात, सुनावण्या होतात. ज्या खोल्यांतून हे काम चालते त्या खोल्या महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३० ते १९३३ या काळात स्वतःसाठी आणि महाराणी संयोगिताराजेंसाठी सजवून घेतल्या होत्या. आधुनिक कलेच्या इतिहासात त्यांना मोठे स्थान आहे. जगभरच्या अभ्यासकांना ही वास्तू ठाऊक आहे. इंदूरच्या माणसाला मात्र माणिकबाग म्हटले की रेल्वेचा पूल आठवतो, वाहतुकीची कोंडी आठवते आणि फार तर ‘तिथे टॅक्सचे ऑफिस आहे’ एवढे आठवते.

मी इंदूरचा मराठी माणूस. आजोबा होळकर संस्थानच्या कचेरीत कारकून होते, मी शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालो. ब्रांकुशी या शिल्पकाराचा ‘अवकाशातला पक्षी’ वर्गात शिकवताना दर वर्षी मुलांना सांगत असे की त्याने अनेकदा घडवलेल्या या पक्ष्यांतले तीन आपल्या गावच्या महाराजांनी घेतले होते. कोणीतरी हमखास विचारायचे, ‘सर, मग ते बघायला कुठे जायचे?’ खरे उत्तर असे की दोन बघायला ऑस्ट्रेलियाला जा आणि एक बघायला अमेरिकेला जा. महाराज जिथे राहायचे ते घर तरी बघू, असे मुले म्हणाली, तर त्याचे उत्तर आपल्याकडे आहे. म्हणून हे पत्र आपल्याला. हिंदी प्रत टपालाने वेगळी पाठवली आहे. मराठीत अशासाठी लिहितो आहे की पुण्या-मुंबईहून राजवाडा, छत्र्या आणि सराफा पाहायला येणाऱ्या माझ्या भाषेच्या लोकांनीही ही मागणी उचलावी.

आपल्या ताब्यात नेमके काय आहे, ते आधी सविस्तर मांडतो. निवेदनात हे फार लांबते हे मान्य आहे, पण हे माहीत नसल्यामुळेच बाकी सारे घडले आहे असे मला वाटते.

यशवंतरावांचे वडील तुकोजीराव तिसरे, मुंबईतल्या बावला या व्यापाऱ्याच्या खुनात इंदूर दरबाराचे नाव गोवले गेल्यानंतर, १९२६ मध्ये पायउतार झाले आणि सतरा वर्षांचे यशवंतराव गादीवर आले. शिक्षण ऑक्सफर्डला. तिथल्या दिवसांत त्यांची एकार्ट म्युथेसियस या तरुण जर्मन वास्तुकाराशी ओळख झाली. १९३० मध्ये राज्याचे पूर्ण अधिकार मिळाले तेव्हा महाराजांनी विशी नुकतीच ओलांडली होती, म्युथेसियस पंचविशीचा होता. या दोघांनी ठरवले की राहते घर असे करायचे की त्यात जुन्या दरबारी थाटाचा मागमूस राहू नये. घुमट नाहीत, मनोरे नाहीत. हवा थंड ठेवायची यंत्रणा, धातूच्या चौकटीच्या खिडक्या, भिंतीत बसवलेले दिवे; दरवाजाच्या मुठीपासून दिव्याच्या बटणापर्यंत विचार केलेला. बरेच भाग जर्मनीत बनवून बोटीने भारतात आणले गेले. ग्रंथालयासाठी म्युथेसियसने लाल रंगाच्या आरामखुर्च्या केल्या. वाचायचे दिवे त्या खुर्च्यांच्या अंगातच बसवलेले होते.

बाकीचे सामान युरोपातल्या त्या काळच्या सर्वोत्तम हातांकडून आले. रुलमानचे लेखनाचे मेज आले, आयलीन ग्रेची आरामखुर्ची आली, सोन्यो आणि अलिक्स यांनी घडवलेले काचेचे आणि धातूचे पलंग आले. दा सिल्वा ब्रुन्सचे गालिचे, प्युइफोर्काची चांदीची भांडी. ले कॉर्बुझिए, पिएर जानरे आणि शार्लोत पेरियाँ या तीन रचनाकारांची प्रसिद्ध लांब आरामखुर्ची इथे बिबट्याच्या कातड्याने मढवून ठेवलेली होती. ले कॉर्बुझिए चंदीगड उभारायला भारतात आला तो पन्नाशीच्या दशकात. त्याची खुर्ची त्याच्या वीस वर्षे आधी इंदुरात येऊन बसली होती.

बर्नार बुते द मोंव्हेल या फ्रेंच चित्रकाराने महाराज-महाराणींची व्यक्तिचित्रे केली. महाराजांच्या एका चित्रात पाश्चात्त्य पोशाख आहे, दुसऱ्यात मराठा दरबारी पोशाख. मॅन रे या नामवंत छायाचित्रकाराने दोघांची छायाचित्रे काढली. त्यांत राजा-राणी नाहीत, एकमेकांवर जीव असलेले आणि मजेत हसणारे तरुण जोडपे आहे. संयोगिताराजे म्हणजे कागलकर घाटग्यांची लेक. कोल्हापूरच्या मुलुखातली ही मुलगी पॅरिसच्या कलावंतांच्या कार्यशाळांमध्ये सहजपणे वावरत होती, हे आपल्या समाजाच्या आठवणीतून पार पुसले गेले याचे मला वाईट वाटते.

आणि ब्रांकुशी. आंरी-पिएर रोशे या जाणकार मित्राच्या मध्यस्थीने महाराजांनी त्याच्याकडून आधी चकचकीत कांस्यातला एक पक्षी घेतला, मग एक काळ्या आणि एक पांढऱ्या संगमरवरातला करवून घेतला. या तिघांसाठी इंदुरात एक ध्यानमंदिर बांधायचे ठरले होते. १९३७ च्या जुलैत स्वित्झर्लंडमध्ये संयोगिताराजेंचे निधन झाले, वयाची पंचविशीही उलटली नव्हती. त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रांकुशी त्या मंदिराच्या कामासाठी स्वतः इंदूरला आला. पण मंदिर झाले नाही. विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या शिल्पकारांपैकी एक माणूस या गावात येऊन राहून गेला, त्याची खूण म्हणून साधी पाटीसुद्धा मला शहरात कुठे दिसलेली नाही.

हे सारे गेले कसे? मी होळकर कुटुंबाला दोष देत नाही. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले, १९६१ मध्ये महाराज गेले, १९७१ मध्ये सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे बंद झाले. एवढा पसारा सांभाळणे खासगी कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे होते. दोन संगमरवरी पक्षी १९७३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयाने विकत घेतले, ते कॅनबेराला आहेत. कांस्याचा पक्षी कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिना इथे नॉर्टन सायमन संग्रहालयात आहे. फर्निचरचा मोठा भाग १९८० मध्ये सदबीज या लिलावसंस्थेच्या मोनॅको इथल्या लिलावात विकला गेला.

यात बेकायदा काही घडले असे माझे म्हणणे नाही, आणि खरी गोम तिथेच आहे. १९७२ चा पुरावस्तू आणि कलानिधी कायदा शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना पुरावस्तू मानतो. मोनॅकोच्या लिलावात गेलेल्या खुर्च्या-पलंगांचे वय तेव्हा पन्नासच्या आत होते. त्याहून नव्या वस्तूला ‘कलानिधी’ ठरवायचे तर केंद्र सरकारने तशी अधिसूचना काढावी लागते. ज्या नऊ कलाकारांना हे संरक्षण मिळाले त्यांत रवी वर्मा आहेत, अमृता शेरगिल आहेत, रवींद्रनाथ आहेत. परदेशी कलावंताने भारतातल्या एका घरासाठी घडवलेल्या वस्तूचा विचार कोणी केलाच नाही.

म्हणजे त्या संग्रहातला न हललेला, हलवता न येणारा एकच भाग आपल्याकडे उरला आहे, तो म्हणजे घर. तो सरकारच्याच ताब्यात आहे. आणि सरकारच्या सगळ्या खात्यांतून तो नेमका त्या खात्याकडे आहे ज्याचे अधिकारी बंदरांवर आणि विमानतळांवर उभे राहून या देशाच्या मूर्ती, पोथ्या, चित्रे बाहेर जाऊ नयेत म्हणून पेट्या उघडून पाहतात. वारसा म्हणजे काय हे आपल्या खात्याला समजावून सांगायची वेळ इंदूरकरांवर येऊ नये.

आता तक्रारी.

पहिली तक्रार प्रवेशाची. माणिकबाग हे कामाचे सरकारी कार्यालय आहे, तिथे गोपनीय कागद असतात, सुरक्षेचे नियम असतात, हे मी समजू शकतो. पण ज्याला कराचे काम नाही अशा नागरिकाला ही वास्तू पाहता येईल अशी ठरलेली, जाहीर केलेली व्यवस्था नाही. इंदूरला येणारा पाहुणा राजवाडा पाहतो, लालबाग पाहतो, कृष्णपुऱ्याच्या छत्र्या पाहतो. होळकरांच्या कथेचे शेवटचे प्रकरण त्याला बाहेरूनच अंदाजाने वाचावे लागते. राष्ट्रपती भवन चालते कार्यालय असून लोकांसाठी खुले आहे. मुंबई महापालिकेने २०२१ पासून आपल्या मुख्यालयात वारसा फेरी सुरू केली. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर रोज लाखो लोक गाड्या पकडतात आणि तिथेच वारसा संग्रहालयही आहे. तेव्हा ‘कामाची जागा आहे’ हे कारण पुरेसे नाही.

दुसरी तक्रार संरक्षणाची. १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यालाही शंभर वर्षांचीच अट आहे, त्यामुळे माणिकबाग अजून काही वर्षे त्याच्या कक्षेत येत नाही. ही मधली वर्षे धोक्याची असतात. एखादी भिंत काढली जाते, फरशी बदलली जाते, जुन्या खिडकीच्या जागी ॲल्युमिनियमची सरकती खिडकी बसते, आणि शंभरी भरते तेव्हा जपण्यासारखे काही उरत नाही. असे माणिकबागेत झालेच आहे असे मी म्हणत नाही. होऊ नये यासाठी लेखी बंधन काय आहे, तेवढे विचारतो आहे. वय कमी असल्याची सबब मला मान्य नाही. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरच्या आर्ट डेको शैलीतल्या इमारती तीस-चाळीसच्या दशकातल्या, माणिकबागेच्याच पिढीच्या. त्यांना २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. चंदीगडचे कॅपिटॉल संकुल तर माणिकबागेच्या मागून झाले, ते २०१६ मध्येच त्या यादीत गेले. मुंबईत हे घडू शकले कारण १९९५ पासून तिथे शहराची स्वतःची वारसा नियमावली होती आणि तिच्यामागे चिकाटीने पाठपुरावा करणारे नागरिक होते.

तिसरी तक्रार नोंदीची, आणि माझ्या मते हीच सर्वांत गंभीर आहे. आज माणिकबागेत मूळचे काय उरले आहे? कोणते दरवाजे, कोणत्या मुठी, कोणते दिवे, कोणती फरशी, जिन्याचा कोणता कठडा? याची खोलीवार, छायाचित्रांसह यादी लोकांसमोर नाही. यादी नसलेली वस्तू गेली तर ती गेल्याचेही कळत नाही. चंदीगडच्या सरकारी कचेऱ्यांसाठी पिएर जानरेने घडवलेल्या खुर्च्या तिथून मोडीच्या भावात गेल्या आणि परदेशी लिलावात फार मोठ्या किमतीला विकल्या गेल्या. केंद्रीय गृह मंत्रालयाने त्यांच्या विक्रीवर बंदी घातली ती २०११ मध्ये, तोवर बरेच सामान हातचे गेले होते. तिथेही वस्तू सरकारच्याच होत्या. भंगार म्हणून निकाली काढलेले सामान आणि वारसा यांच्यात फरक करणारा कागद कोणी केला नव्हता, एवढेच.

चौथी गोष्ट तक्रार म्हणू की खंत, ठाऊक नाही. २०१९-२० मध्ये पॅरिसच्या सजावटी कलांच्या संग्रहालयाने माणिकबाग आणि महाराजांवर मोठे प्रदर्शन भरवले. सुमारे ५०० वस्तू जगभरातून गोळा केल्या. यशवंतराव कोण होते, त्यांना काय दिसले होते, हे त्या लोकांनी मनापासून मांडले. मे २०२५ मध्ये अहिल्यादेवींच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने मध्य प्रदेशच्या मंत्रिमंडळाची बैठक आमच्या राजवाड्यात झाली. आम्हाला आनंद झाला, अभिमान वाटला. १९८४ च्या आगीत होरपळलेला राजवाडा पुन्हा उभा राहिलेला आम्ही पाहिला आहे, त्यामुळे या शहराला वारसा सांभाळता येतो हेही आम्हाला माहीत आहे. पण होळकरांचा वारसा अहिल्यादेवींपाशी सुरू होऊन अहिल्यादेवींपाशीच संपतो, असे होता कामा नये. घाट आणि मंदिरे बांधणाऱ्या घराण्यातच पुढे ब्रांकुशीकडून मंदिर करवून घेऊ पाहणारा माणूस निघाला. मला या दोन गोष्टी एकमेकींपासून दूरच्या वाटत नाहीत.

एक गोष्ट आपल्या बाजूची, ती लिहायलाच हवी. मोकळे पडलेले राजवाडे आम्ही माळव्यात आणि महाराष्ट्रात पुष्कळ पाहिले आहेत. छपरे कोसळतात, दारे-खिडक्या रातोरात नाहीशा होतात, मग जमीन बिल्डरच्या नजरेत भरते. माणिकबाग तशी झाली नाही, कारण तिथे माणसांचा रोजचा वावर राहिला, दिवे लागत राहिले, पहारा राहिला. त्याबद्दल आपल्या खात्याचे ऋण मी मानतो.

आणि आपल्या खात्याला संग्रहालय करता येत नाही असेही नाही. पणजीला मांडवीच्या काठावर पोर्तुगीज काळातल्या जकातीच्या निळ्या इमारतीत आपण २००९ मध्ये संग्रहालय काढले आणि २०२२ मध्ये ‘धरोहर’ या नावाने ते नव्या रूपात लोकांसमोर आणले. रक्सौलच्या सीमेवर पकडलेली ‘आईन-ए-अकबरी’ या अकबरकालीन ग्रंथाची हस्तलिखित प्रत तिथे मांडली आहे. जुनी वास्तू, तिचा इतिहास आणि खात्याचे काम यांची सांगड आपण गोव्यात घातली आहे. तीच आस्था इंदुरात दाखवा, एवढेच मागतो आहे.

मागण्या अशा :

एक. माणिकबागेची संपूर्ण मोजणी, आराखडे आणि छायाचित्रे वास्तुसंवर्धनाच्या जाणकारांकडून करून घ्यावीत, मूळच्या प्रत्येक वस्तूची यादी करावी आणि ती प्रसिद्ध करावी. हे काम एका वर्षात होऊ शकते आणि त्यासाठी कार्यालय एक दिवसही बंद ठेवावे लागत नाही. शहरातल्या वास्तुकला महाविद्यालयांची मुले यात आनंदाने येतील.

दोन. ती यादी पूर्ण होईपर्यंत रंगरंगोटीपासून विजेच्या वायरिंगपर्यंत कोणतेही काम संवर्धनतज्ज्ञाच्या लेखी संमतीशिवाय करू नये, आणि जुने म्हणून काहीही निकालात काढू नये.

तीन. राज्य शासन आणि महानगरपालिका यांनी शंभरी भरण्याची वाट न पाहता या वास्तूला स्थानिक पातळीवर वारसा म्हणून संरक्षण द्यावे. जागेचा ताबा असलेले खाते म्हणून त्याचा प्रस्ताव आपणच पाठवावा. आपल्याकडून पत्र गेले तर इथली फाइल हलेल.

चार. सुट्टीच्या ठरावीक दिवशी, आधी नोंदणी करून, ओळखपत्र पाहून, मार्गदर्शकासोबत लहान गटांना आत सोडावे. दप्तराच्या खोल्या बंद ठेवा, आमची हरकत नाही. सुरुवात १८ एप्रिलच्या जागतिक वारसा दिनाला करता येईल. फाटकाबाहेर हिंदी, मराठी आणि इंग्रजीत एक माहितीफलक लावावा. म्युथेसियसचे आणि ब्रांकुशीचे नाव त्यावर असावे.

पाच. पुढच्या काही वर्षांत खात्याने इंदुरात स्वतःसाठी नवी इमारत घ्यावी आणि माणिकबागेचा निदान एक मजला संग्रहालयासाठी मोकळा करावा. मूळ वस्तू परत याव्यात असा हट्ट मी धरत नाही. रघुजी भोसल्यांची तलवार २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने लंडनच्या लिलावातून ४७ लाखांच्या आसपास रक्कम मोजून परत आणली, त्याचे मला कौतुक आहे. पण ब्रांकुशीच्या पक्ष्यांची गोष्ट वेगळी आहे. ते आता दुसऱ्या देशांच्या संग्रहांत कायदेशीरपणे आहेत आणि त्यांची किंमत आपल्या कुठल्याच अंदाजपत्रकात बसणारी नाही. कॅनबेरा, पॅसाडिना आणि पॅरिस इथल्या संस्थांशी बोलून छायाचित्रे, आराखड्यांच्या प्रती, प्रतिकृती आणि कधी तरी उसनवारीने एखादी मूळ वस्तू आणता येईल. त्यासाठी आधी दाखवायला जागा लागते आणि बोलणी करणारा जबाबदार अधिकारी लागतो. तो अधिकारी आताच नेमावा.

१९३० मध्ये हे काम म्युथेसियसकडे सोपवले गेले आणि १९३३ मध्ये ते पूर्ण झाले. शताब्दी साजरी करायची तर तयारीला आता उशीरच झाला आहे. वरच्या मागण्यांपैकी पहिल्या दोन आणि चौथी आपल्या मंडळाच्या अखत्यारीत आहेत. त्यांना कुठला कायदा बदलावा लागत नाही, संसदेत जावे लागत नाही. त्या तिन्हींवर आपला निर्णय काय, तो होकारार्थी असो वा नकारार्थी, तीन महिन्यांत लेखी कळवावा अशी विनंती आहे. आलेले उत्तर मी जसेच्या तसे प्रसिद्ध करीन.

आपला,
इंदूरचा एक निवृत्त चित्रकला शिक्षक